ब्रूसचा कोळी आणि आपला झाडू

पावसाळा सरत आला होता. राजारामपुरीतल्या एका शाळेने विज्ञान मंडळाच्या मुलांशी बोलण्यासाठी मला बोलावले होते. विषय होता उसावरील किडी. वर्गात गेले तर फळ्याच्या वरच्या बाजूला सुविचार होता, ‘प्रयत्नांती परमेश्वर’. शेजारी कुणा विद्यार्थ्याने रंगवलेले चित्र होते. एक गुहा, तिच्यात मुकुट घातलेला राजा आणि त्याच्या समोर धाग्याला लोंबकळणारा कोळी. कोळ्याला सहा पाय होते.

चित्रापासून हातभर अंतरावर, छताच्या कोपऱ्यात, खराखुरा कोळी होता. घराघरांत दिसतो तोच, लांब काड्यांसारख्या पायांचा. पाहुणी येणार म्हणून वर्ग झाडलेला होता, पण हा कोपरा राहून गेला होता. वर्गशिक्षिकेचे लक्ष गेले, त्या ओशाळल्या, त्यांनी मामांना हाक मारली. मामा लांब दांड्याचा झाडू घेऊन आले. पहिल्या बाकावरच्या दोन मुली ‘ई’ करून मागे सरकल्या आणि कोपरा स्वच्छ झाला. चित्रातला कोळी तेवढा भिंतीवर राहिला.

त्या दिवशी मी उसावरील किडी बाजूला ठेवल्या. शाळेत कोळ्याबद्दल आपण आवर्जून सांगतो ती एकच गोष्ट, रॉबर्ट ब्रूसची. ती गोष्ट मुलांना कोळ्याबद्दल नेमके काय शिकवते, हे एकदा तपासून पाहायला हवे असे मला वाटते.

प्रथम तिचा इतिहास. स्कॉटलंडचा राजा ब्रूस १३०६-०७ च्या हिवाळ्यात परागंदा होता आणि १३१४ मध्ये बॅनकबर्नच्या लढाईत त्याने इंग्रजांना हरवले, हे खरे. त्यानंतर साठेक वर्षांनी जॉन बार्बर या कवीने त्याच्यावर दीर्घ काव्य रचले. त्यात कोळी नाही. कोळी घरोघरी पोचवला तो सर वॉल्टर स्कॉटने, १८२८ च्या सुमारास, आपल्या नातवासाठी लिहिलेल्या इतिहासाच्या गोष्टींमधून. म्हणजे घटनेनंतर तब्बल पाचशे वर्षांनी! बरे, स्कॉटच्या गोष्टीत गुहाही नाही. तिथे एक झोपडी आहे, छताच्या तुळया आहेत आणि एका तुळईवरून दुसरीवर झोका घेऊन पोचण्याची धडपड करणारा कोळी आहे. तो सहा वेळा फसतो, सातव्यांदा पोचतो.

गोष्ट खोटी असली म्हणून टाकून द्यावी असे मी म्हणत नाही. ससा आणि कासवाची शर्यत कुणी पाहिली आहे? माझी तक्रार वेगळी आहे. या गोष्टीत कोळ्याच्या अंगी जे आहे ते गाळले आहे आणि जे नाही ते चिकटवले आहे. आपल्याकडे सांगताना तर कोळी प्रत्येक वेळी ‘धपकन् खाली पडतो’. कोळी असा पडत नाही. चालताना तो आपल्यामागे सुरक्षेचा एक धागा सोडत जातो आणि ठिकठिकाणी चिकटवत जातो. पाय सुटला तरी तो त्या धाग्याला लटकतो आणि त्याच धाग्यावरून वर येतो. गिर्यारोहकाचा दोर आपण कौतुकाने दाखवतो, हा तर जन्मापासून दोर बांधून हिंडणारा प्राणी.

दुसरे, दोन फांद्यांमधली दरी तो कशी ओलांडतो? बागेत गोल, चक्राकार जाळे विणणारा कोळी सहसा उडी मारण्याच्या भानगडीत पडत नाही. तो पोटाचे टोक उंच करतो, बारीक धागा हवेत सोडतो आणि वाऱ्याला काम करू देतो. धागा पलीकडे कुठे अडकला की तो ओढून ताणून बघतो. नाही अडकला तर बऱ्याचदा गुंडाळून खाऊन टाकतो आणि नव्याने सोडतो. एकदा पूल झाला की त्यावरून जात धागा पक्का करायचा, मधून खाली उतरून चौकट बांधायची, मग चाकाच्या आऱ्या, मग आतून बाहेर जाणारे एक तात्पुरते, न चिकटणारे वेटोळे. ही बांधकामाची परात! शेवटी बाहेरून आत येत खरे चिकट वेटोळे घालायचे आणि जाता जाता परात काढून टाकायची. हे सारे साधारण तासाभरात, पुष्कळदा अंधारात, आणि डोळ्यांवर नव्हे तर पायांच्या स्पर्शावर विसंबून. अनेक जातींत दुसऱ्या दिवशी जुने जाळे खाऊन त्यातील प्रथिने पुन्हा नव्या रेशमासाठी वापरली जातात. एवढे सगळे समोर असताना आपण मुलांना काय सांगतो? तर तो चिकाटीने पडत राहिला.

मुंडकोपनिषदातील ऋषीने या बाबतीत स्कॉटपेक्षा नीट पाहिले होते, असे म्हणावेसे वाटते. सृष्टीची उत्पत्ती समजावताना तिथे ऊर्णनाभीचा, म्हणजे कोळ्याचा, दृष्टान्त आहे. तो आपल्यातूनच तंतू बाहेर काढतो आणि पुन्हा आत घेतो. तंतू नाभीतून येत नाही, पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या अवयवांतून येतो. पण ‘आत घेतो’ हे निरीक्षण कुणीतरी पहाटे जाळ्यासमोर बसल्याशिवाय होणार नाही.

आणखी एक गोष्ट. गोष्टीतला कोळी ‘तो’ आहे. मोठी गोल जाळी विणून मध्यभागी बसलेली असते ती बहुधा मादी. वयात आलेला नर शिकारीचे जाळे सहसा सोडून देतो आणि मादीच्या शोधात भटकतो. मराठीची अडचण अशी की कोळी शब्दाला स्त्रीलिंग करायला जावे तर ‘कोळीण’ होते आणि मुलांच्या डोळ्यांसमोर मासळीची टोपली येते. मी सरळ ‘कोळ्याची मादी’ म्हणते. विणणारी ती आहे हे एकदा तरी सांगावे.

आता भीतीकडे वळू. कोळ्याची भीती माणसाच्या रक्तातच आहे, असे लिहिलेले लेख अधूनमधून वाचायला मिळतात. त्यामागे काही प्रयोग आहेत. २०१७ मध्ये स्टेफनी होल व सहकाऱ्यांनी सहा महिन्यांच्या बाळांना फुलांची आणि कोळ्यांची चित्रे दाखवली. कोळी पाहताना बाळांच्या डोळ्यांतील बाहुल्या अधिक मोठ्या झाल्या. पण बाहुली मोठी होणे म्हणजे घाबरणे नव्हे. लक्ष वेधले गेले, शरीर सावध झाले, एवढेच त्यावरून म्हणता येते. १९८० च्या दशकातले सुझन मिनेका यांचे माकडांवरील प्रयोग मला अधिक बोलके वाटतात. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडे सापाला घाबरत नव्हती. दुसरे माकड सापाला घाबरताना त्यांनी पाहिले आणि तीही घाबरू लागली. माकड फुलाला घाबरते आहे असे चित्रफितीत भासवले, तेव्हा मात्र ती फुलाला घाबरायला शिकली नाहीत. साप आणि कोळी एक नव्हेत, पण बहुधा इथेही असेच काही असावे. जमीन तयार असते, बी कुणीतरी टाकावे लागते.

आपल्याकडे ते बी कोण टाकते? १९९८ मध्ये ग्रॅहम डेव्ही आणि सहकाऱ्यांनी भारतासह सात देशांतल्या लोकांच्या प्राण्यांविषयीच्या भीतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. किळस आणणाऱ्या प्राण्यांची, ज्यांत कोळीही येतो, भीती भारतीयांमध्ये तुलनेने कमी आढळली, जपानी लोकांमध्ये जास्त. मला याचे नवल वाटले नाही. कोळी दिसताच घाम फुटून घराबाहेर पळणारी माणसे मी फारशी पाहिलेली नाहीत. आपल्याकडे दिसते ती किळस, आणि किळसेच्या मागे असते लाज. आपल्या भाषेत कोळ्याचे घर म्हणजे ‘जळमट’. ओसाड वाडा, बंद घर, बाईचे लक्ष नसलेला संसार हे सारे कोळिष्टकांनी सांगायचे. दिवाळीआधी जळमटे काढायची, नाहीतर पाहुणे काय म्हणतील? त्या वर्गशिक्षिका कोळ्याला भ्यायल्या नव्हत्या, त्या मला भ्यायल्या होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलींनी पाहिला तो त्यांचा चेहरा.

आम्ही विज्ञान लिहिणारेही यातून सुटलेले नाही. ‘अंधश्रद्धेची जळमटे झाडून टाका’ असे मीच पूर्वी दोनदा लिहिले आहे. खरे तर जळमट म्हणजे धुळीने माखलेले जुने, बहुधा सोडून दिलेले जाळे. धूळ आपली आणि नाव कोळ्याचे. तो कोपऱ्यात येतो कारण तिथे डास आणि माश्या येतात.

असेच दुसरे बदनामीचे खाते फोडांचे. रात्री झोपेत मानेवर, गालावर जळजळणारे फोड उठले की कोळी अंगावरून गेला म्हणतात. पावसाळ्यात यांतील पुष्कळ फोड दिव्याकडे येणाऱ्या पेडेरस नावाच्या बारीक तांबड्या-काळ्या किड्याचे असतात. तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील द्रवाने त्वचा भाजते. किडा सकाळी दिसत नाही, कोळी भिंतीवर दिसतो.

कोळ्याला विष नसते असे मात्र मुलांना सांगू नये, ते खोटे आहे. जवळजवळ सर्व कोळ्यांना विष असते, पण ते माशी-झुरळाच्या मापाचे. जगात नोंदलेल्या पन्नास हजारांहून अधिक जातींपैकी माणसाला गंभीर इजा करू शकतील अशा अगदी मोजक्या. दंशानंतर त्रास वाढला तर डॉक्टरकडे जावे, ब्लेडने चिरू नये. २०१२ मध्ये आसाममधील सादिया येथे कोळ्यांच्या भीतीने मोठा गोंधळ उडाला. दोन मृत्यू कोळ्यांच्या नावावर लागले. मृतांवर आधी मांत्रिकांनी उपचार केले होते, शवविच्छेदन झालेच नाही, आणि कोळ्यामुळेच मृत्यू झाला हे सिद्ध होऊ शकले नाही.

या भीतीवर चित्रपटही निघाले. १९९० च्या ‘अरॅक्नोफोबिया’ या हॉलिवूडपटात गावभर माणसे मारत सुटलेल्या कोळ्यांच्या झुंडीसाठी न्यूझीलंडमधून आणलेले मोठे कोळी वापरले होते. ते निरुपद्रवी होते, म्हणूनच नटांच्या अंगावर सोडता आले! आपल्या न्हाणीघरात रात्री दिवा लावल्यावर दिसतो तो तळहाताएवढा चपटा कोळी त्यांच्याच कुळातला. त्याच्या पोटाखाली पांढरी चकती दिसली तर ती अंड्यांची पिशवी समजावी. आई ती सोबत घेऊन हिंडते. झुरळे हा तिचा आवडता आहार. माझ्या घरी अशी एक महिनाभर होती. घरातल्यांनी तिला दार बंद करून हाकलले नाही, याचे श्रेय मी प्रेमाला नाही, झुरळांच्या कंटाळ्याला देते.

ब्रूसच्या जोडीला सांगण्यासारखे आपल्या मातीतलेही आहे. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून उडी मारून शिकार करणाऱ्या कोळ्याची एक नवी जाती नोंदली गेली. संशोधकांनी तिला ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिले, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर दहशतवाद्याची बंदूक धरून ठेवत प्राण देणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे. हे नाव फळ्यावर लिहावे, पण उद्या त्याचाही सुविचार करून भिंतीवर टांगाल आणि खालच्या कोळ्याला झाडू लावाल, अशी मला धास्ती वाटते.

त्या दिवशी व्याख्यानानंतर आम्ही शाळेच्या मागच्या कुंपणाशी गेलो. तगरीच्या झुडपांत इंग्रजी एक्स अक्षरासारखी पांढरी नक्षी काढलेले जाळे होते, मधोमध पट्टेवाली मादी. प्रयोगशाळेतून नादकाटा मागवला. १८८० मध्ये चार्ल्स बॉइझ या इंग्रज शास्त्रज्ञाने केलेला हा प्रयोग कोणत्याही शाळेत फुकट होतो. नादकाटा रबरावर हलकेच आपटायचा आणि जाळ्याच्या कडेला अलगद टेकवायचा. मुलांना अंतर ज्याचे त्याने ठरवू द्यावे. घाबरणाऱ्या मुलाचा हात धरून पुढे ओढू नये, ते घाबरणे पक्के होते. ‘ई’ म्हणणाऱ्या दोघींपैकी एक दहा पावलांवर उभी होती, मैत्रिणीच्या पाठीआड.

काटा टेकताच मादी गर्रकन् वळली, आऱ्यांवरून धावत आली आणि थरथरणारे लोखंड पायांनी कवटाळू लागली. मुले ओरडली. दुसऱ्यांदा केले तेव्हा ती मुलगी पाच पावलांवर होती, तिसऱ्यांदा माझ्या कोपराशी.

“बाई, तिला वाटलं माशी आली?” तिने विचारले.

“हो.”

“मग तिला मिळालं काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मामा झाडू टेकून उभे होते, ते म्हणाले, “थांबा, माशी बघतो कुठं मिळती का.” आणि ते उपाहारगृहाच्या दिशेने निघाले. मुलगी त्यांच्यामागे धावली.