संपाऐवजी जादा तास

युद्धाचा निषेध करायचा तर कॉलेज बंद पाडावं की रात्रभर चालू ठेवावं? मार्च १९६५मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांपुढे हा प्रश्न होता. अमेरिकेने उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बफेक सुरू केली होती. एक दिवस तास न घेण्याचा बेत त्यांनी जाहीर केला, तसे राज्यपाल आणि विधिमंडळ सदस्य भडकले. मग मार्शल सालिन्स या मानववंशशास्त्रज्ञाने तोड काढली: शिकवणं थांबवायचं नाही, उलट जादा शिकवायचं. २४ मार्चला रात्री आठपासून सकाळी आठपर्यंत ‘टीच-इन’ झालं. सुमारे ३,००० लोक आले. मधेच बॉम्बची धमकी आली, सभागृह रिकामं करावं लागलं, तरी कार्यक्रम थांबला नाही.

या युक्तीचं कौतुक पुष्कळ झालं आहे. जादा तास घेणाऱ्या मास्तरांवर कारवाई कशी करणार? पण मला महत्त्वाचा वाटतो तो मध्यरात्रीनंतरचा भाग. तेव्हा लोक लहान गटांत चर्चेला बसले. मोर्चाला जाताना शंका घरी ठेवाव्या लागतात; इथे त्या सोबत आणायच्या होत्या.

आयोजक युद्धविरोधीच होते, निष्कर्ष आधीच ठरला होता, हा आक्षेप खोटा नाही. मग हे शिक्षण की प्रचार? माझ्या मते, समोरच्याला उलट विचारता येतं का, यावर ते ठरतं.

या कसोटीवर पुढचा टप्पा उणा पडतो. १५ मे १९६५ला वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय टीच-इन झालं. शंभराहून जास्त कॉलेजांत ते ऐकवलं गेलं. सरकारची बाजू मांडणारे मॅकजॉर्ज बंडी ऐन वेळी आले नाहीत. श्रोते वाढले, पण दूरच्या कॉलेजात बसून ऐकणाऱ्याने हात वर करून उपयोग काय? मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकच गोष्ट लाखोंना पाठवणं आमच्याकडे स्वस्त असतं; प्रत्येकाचं ऐकून घेणं महाग.

फेब्रुवारी २०१६मध्ये जेएनयूत विद्यार्थी संघाच्या अध्यक्षाला देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. त्यावर प्रशासकीय इमारतीच्या पायऱ्यांपाशी राष्ट्रवादावर व्याख्यानमाला भरली. गोपाळ गुरू, रोमिला थापर बोलले. आरोपाला अभ्यासाने दिलेलं हे उत्तर मला आजही बिनतोड वाटतं. इंजिनिअरिंगला असताना त्यातली काही व्याख्यानं मी यूट्यूबवर ऐकली. शिकलो खूप, विचारलं काहीच नाही.

आपल्याकडे व्याख्यानमालांना तोटा नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला तर १८७५पासूनची. पण बहुतेक ठिकाणी वक्ता थांबला की आभारप्रदर्शन सुरू होतं आणि मागच्या खुर्च्या वाजू लागतात. निषेधासाठी वर्ग भरवणाऱ्यांनी निदान तेवढा वेळ प्रश्नांना द्यावा. श्रोत्याला बोलू न देणाऱ्या सत्तेविरुद्ध उभं राहायचं, तर आपल्या श्रोत्याला गप्प बसवून कसं चालेल?