वाघ दिसला, पण जंगल पाहिले का?

ताडोबाहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो, 'वाघ दिसला का?' उत्तर 'हो' असेल तर फेरी सार्थकी लागली आणि 'नाही' असेल तर पैसे वाया गेले, असा सर्वसाधारण हिशेब असतो. शाळेच्या सहलीही आता याच मापाने मोजल्या जातात. म्हणून या सफारीकडे पर्यटन म्हणून न पाहता शिकण्याचे एक साधन म्हणून पाहू या. जिप्सीत बसून तीन-चार तास हिंडलेला विद्यार्थी जंगलाबद्दल नेमके काय शिकून येतो?

आधी जमेची बाजू. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. ते १९५५ साली ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्रावर घोषित झाले. पुढे १९८६ सालचे अंधारी अभयारण्य त्याला जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. आज त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर असून भोवतालचे बफर क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर आहे. मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांच्या आसपासच्या गावांतील अनेक घरे गाईड आणि वाहनचालक यांच्या कमाईवर चालतात. गाईडांमध्ये आता स्त्रियाही आहेत. पर्यटनाला मर्यादाही आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील गाभा क्षेत्रांतील पर्यटन जुलै ते ऑक्टोबर असे तात्पुरते थांबवले होते. त्यानंतर झालेल्या नियमांनुसार गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनासाठी वापरता येतो. तेव्हा सफारी बंद करा, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. आक्षेप आहे तो सफारीतून नकळत दिल्या जाणाऱ्या धड्यावर.

दिसणे वेगळे, असणे वेगळे

पहिला चुकीचा धडा असा की, वाघ जास्त दिसतात म्हणजे वाघ जास्त आहेत. ताडोबाचे जंगल शुष्क पानझडीचे आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह आणि खाली बांबू. एप्रिल-मे महिन्यांत बहुतेक झाडे निष्पर्ण होतात, नजर लांबवर जाते आणि पाणी मोजक्या ठिकाणी उरते. त्यातले काही पाणवठे तर सौरपंपावर चालणाऱ्या बोअरवेलने भरलेले असतात. रस्त्याकाठच्या अशा पाणवठ्यावर बसणारी एखादी वाघीण महिनाभरात शेकडो लोकांना दिसते. आतल्या नाल्यातला वाघ कोणालाच दिसत नाही. म्हणजे दर्शनांची संख्या ऋतू, पाणी आणि रस्ता यांवर अवलंबून असते. तिच्यावरून वाघांची संख्या काढणे म्हणजे बसथांब्यावरची माणसे मोजून गावाची लोकसंख्या सांगण्यासारखे आहे.

मग वाघ मोजतात कसे? प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर स्वयंचलित कॅमेरे लावतात. मिळालेल्या छायाचित्रांतून कोणता वाघ पुन्हा पुन्हा आला हे पाहून, कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचाही अंदाज बांधतात. यामागचे तत्त्व वर्गात सहज दाखवता येते. बरणीतून राजम्याचे ५० दाणे काढून त्यांवर खूण करा, परत टाकून चांगले मिसळा. आता ४० दाणे काढा. त्यांत खुणेचे ८ निघाले, तर बरणीत सुमारे ५० × ४० ÷ ८, म्हणजे २५० दाणे असावेत. अशा अंदाजांवरून महाराष्ट्रात २०१४ साली १९०, २०१८ साली ३१२ आणि २०२२ साली ४४४ वाघ असल्याचे जाहीर झाले. हे आकडे जिप्सीतून मिळालेले नाहीत. त्यांच्यामागे वनरक्षकांची पायपीट आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी अशाच गणनेसाठी ताडोबात पायी खुणा शोधत असताना एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. सफारीच्या गप्पांत त्या वाघिणीचे टोपणनाव सर्वांना ठाऊक असते. ही पायपीट मात्र कोणी सांगत नाही.

एकच उन्हाळा

दुसरा धडा अधिक घातक आहे. सफारीत वाघ ही एक देखणी, निर्धोक वस्तू ठरते. पण ज्या उन्हाळ्यात पर्यटकाला वाघ हमखास दिसतो, त्याच उन्हाळ्यात जंगलालगतची माणसे पहाटे मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपाने तोडायला रानात जातात. वेळ तीच, जंगल तेच, वाघही तोच. फरक इतकाच की एक जण गाडीत उंच बसलेला असतो आणि दुसरा जमिनीशी वाकलेला. चंद्रपूर, ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीच्या पट्ट्यात दरवर्षी माणसे बळी पडतात. सीटी-१ या वाघाने १३ जणांचे बळी घेतल्यावर २०२२ साली त्याला वडसा भागात पकडावे लागले. या दोन जिल्ह्यांतील अनेक शाळांत समोरच्या बाकावर अशाच घरातली मुले बसलेली असतात. त्यांच्यासमोर वाघाचे फक्त कौतुक केले, तर विज्ञानाचा तास त्यांच्या अनुभवाला खोटे पाडतो.

गडचिरोलीला कोण जाते?

शेजारच्या गडचिरोलीत जंगल कितीतरी अधिक, पण तिकडे सहली फारशा वळत नाहीत, कारण वाघाची हमी नाही. खरे तर आलापल्लीजवळ उंचच उंच जुन्या सागांचे राखलेले वन आहे. २०१४ साली ते जैवविविधता वारसा स्थळ झाले. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे झाडांचे जीवाश्म आहेत. तिथल्या जंगलात शेकरू आहे, कोलामार्कात रानम्हशी आहेत. मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल कोणी आणि कसे सांभाळायचे, हा प्रश्न तिथे ग्रामसभेत चर्चिला जातो.

वाघाविनाही लोकांना जंगल दाखवता येते का? मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशाने ते करून दाखवले आहे. तिथल्या घनदाट वर्षावनात मोठा प्राणी सहसा दिसतच नाही. त्यामुळे वाटाडे माणसांना पायी हिंडवतात आणि पाने कापून नेणाऱ्या मुंग्या, बेडूक, पक्षी दाखवतात. १९८७ साली स्वीडनमधील एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी तिथले जंगल वाचवण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली. त्यातून उभे राहिलेले 'मुलांचे वर्षावन' आज हजारो हेक्टर आहे. त्या मुलांनी ते जंगल पाहिलेही नव्हते.

मग सहल कशी न्यावी?

ताडोबाला जरूर जावे, पण वहीत वेगळे रकाने आखून. चितळाने, सांबराने किंवा वानराने इशाऱ्याची हाक दिली, ती वेळ. त्यानंतर वाघ किंवा बिबट्या दिसला की काहीच नाही. पाणवठा नैसर्गिक की भरलेला. कोणत्या झाडाला पाने आहेत, कोणाला नाहीत. 'काहीच दिसले नाही' हीदेखील नोंद आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. वाघाचा भडक केशरी रंग चितळांना कसा दिसत असेल, हे विचारावे. हरणांच्या डोळ्यांना केशरी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही, म्हणून वाघ गवतात मिसळून जातो. आणि परतताना बफरमधल्या एखाद्या गावात थांबून मोह वेचणाऱ्या आजींना विचारावे, 'तुम्हाला वाघ कळतो कसा?'

त्यांचे उत्तर त्याच वहीत, त्याच रकान्यांशेजारी लिहून घ्यावे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून मुले प्रश्न विचारू लागली, तर त्या दिवशी वाघ दिसला नाही तरी चालेल.