क्नेडलीकचे रसग्रहण

शाळेत मराठीच्या पेपरात 'रसग्रहण करा' असा एक प्रश्न असायचा. मी तो इमानेइतबारे ऑप्शनला टाकीत असे. पुढे बी. कॉम. झालो, बँकेत चिकटलो, आणि जमा व नावे या दोन रसांपलीकडे तिसरा रस ग्रहण करण्याचा प्रसंग तेवीस वर्षांत आला नाही. त्यामुळे वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी थेट प्राग शहरात, मैद्याच्या एका उकडलेल्या उंड्यासमोर पिठाने माखलेल्या हातांनी उभा राहीन आणि घरी येऊन त्याचे परीक्षण लिहीन, असे कोणी म्हणाले असते तर मी आधी त्याचे के. वाय. सी. तपासले असते.

झाले ते असे. आमचा मेहुणा प्रागला संगणकाच्या नोकरीत आहे. शिल्लक पी. एल. लावून आम्ही दोघे जूनमध्ये त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आमच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून आमची नावे चेक स्वयंपाकाच्या एका वर्गात परस्पर घालून टाकली.

"भावोजी, अगदी छोटा ग्रुप असतो. फक्त आठ माणसं."

आठ माणसांच्या स्वयंपाकघराला 'छोटा ग्रुप' म्हणणारा हा मुलगा गिरगावातल्या दोन खोल्यांत दहा माणसांत वाढला. माणूस किती लवकर विसरतो पाहा!

"अरे, मी वीस वर्षं रोज वर्गच भरवतेय," हिने शेरा मारला. "सुट्टीतही ओट्यापाशीच उभं करतोस होय रे?"

पण फी भरून झाली होती आणि परत मिळणार नव्हती. मध्यमवर्गीय माणसाला हलवायला एवढे कारण पुरते.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, आणि दंडांवरून पाहता आयुष्यभर पीठ मळलेल्या. आम्ही मांस खात नाही हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य उमटले आणि मग दुःख. चेक जेवणाचा तिरंगी झेंडा म्हणजे डुकराचे मांस, क्नेडलीक आणि कोबी. आम्ही त्यातला एक रंगच पुसून टाकीत होतो. पण बाई दिलदार. आमच्यासाठी त्यांनी वेगळे पातेले चढवले.

आता परीक्षणाकडे वळतो. पहिला अंक सूपचा. चेक माणूस सूपाला जेवणाचा पाया आणि मांसाला नुसते वरचे बूच समजतो, अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. आमच्या वाट्याला आले ते 'कुलायदा'. बटाटे, अळंबी, साय, थोडे व्हिनेगर, वर एक अंडे (बँकेच्या टूरवर अंडे चालते, हा आमच्या घरचा जुना ठराव आहे) आणि मूठभर शेपू! होय, शेपूच. ज्या भाजीवरून महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडतात, ती तिकडे सायीच्या सूपात राजरोस पोहत असते. एवढ्यावर न थांबता ते लोक शेपूची निराळी आमटीवजा चटणीही करतात. माझा पक्ष जन्मापासून विरोधी. आई मुगाची डाळ घालून शेपू करायची त्या दिवशी मी ताटाभोवती भिंत बांधायचा तेवढा बाकी ठेवायचो. प्रागला मात्र वाटी पुसून घेतली. साय घातल्यावर कुठलाही विरोधी पक्ष मवाळ होतो.

पुढचा धक्का बटाट्याच्या धिरड्याचा. किसलेला बटाटा, लसूण, पीठ, अंडे, आणि बाईंनी तळहातावर चोळून टाकलेला एक सुका पाला. हिने वास घेतला आणि ओरडलीच, "अहो, हा मरवा! गजऱ्यातला!" मरवाच होता. आपण जो केसांत माळतो तो ते लोक धिरड्यात आणि बटाट्याच्या सूपात घालतात. हिने बाईंना खुणांनी अंबाडा आणि गजरा समजावून सांगितला. बाई इतक्या हसल्या, की एक धिरडे करपले.

आता मुख्य प्रयोग, 'स्विच्कोव्हा ना स्मेतान्ये'. मेन्यूत हे नाव वाचून मला वाटले, की स्मेताना या संगीतकाराच्या स्मरणार्थ पदार्थ ठेवला असावा, आपल्याकडे चौकाला नाव देतात तसा. मेहुण्याने सांगितले, की स्मेताना म्हणजे साय! म्हणजे त्या राष्ट्राचा थोर संगीतकार श्रीयुत साय. यात हसण्यासारखे काही नाही. आपल्याकडे दहीभाते आणि गोडबोले आहेतच.

पदार्थ असा: गोमांसाचा तुकडा गाजर, सेलरीचा कंद, कांदा, मिरी, तमालपत्रासारखी पाने आणि व्हिनेगर यांच्या संगतीत रात्रभर ठेवायचा, मग शिजवायचा, भाज्या घोटून त्यांत साय घालायची आणि ताटात लिंबाची चकती व आंबटगोड क्रॅनबेरी वाढायची. आमच्या पातेल्यात मांसाखेरीज बाकी सगळे होते. रस्सा आंबट, गोड, जरासा तिखट. म्हणजे आमटी ज्या तीन खांबांवर उभी राहते तेच खांब, फक्त गूळ आणि चिंच यांनी वेषांतर केलेले.

आणि नायक, क्नेडलीक. शिळ्या पावाचे तुकडे घातलेला, यीस्टने फुगवलेला पिठाचा लांबट उंडा पाण्यात उकडतात. दिसायला थेट कोथिंबीर वडीचा उंडा, फक्त कोथिंबीर राजीनामा देऊन गेलेली. पाण्यातून काढला की लगेच टोचून वाफ सोडायची, नाहीतर बसतो. आणि कापायचा तो सुरीने नव्हे, दोऱ्याने! सुरीने दाबला जाऊन गोळा होतो. दोरा खालून घालून वर आणून ओढला, की चकती सुटते. एकट्या क्नेडलीकला चव बेताचीच. समीक्षक ज्याला 'संयत' म्हणतात तसला प्रकार. पण रश्शात बुडवला की त्याच्या अस्तित्वाचे कारण कळते. तो स्वतः बोलत नाही, दुसऱ्याचे पूर्ण ऐकून घेतो. आमच्या शाखेत असा एक जरी माणूस काउंटरवर असता!

इथपर्यंत सगळे सुरळीत होते. पण मी पडलो बँकवाला. प्रत्येकाला छापील कागद मिळाला होता आणि त्यावर स्वच्छ लिहिले होते, पीठ 500 ग्रॅम. बाईंनी काटा काढला, 500 ग्रॅम मोजले, परातीत ओतले, आणि मळता मळता डब्यातून आणखी दोन मुठी टाकल्या. नोंद नाही, व्हाउचर नाही! मी हात वर केला. कागद बरोबर की मूठ बरोबर? मेहुण्याने भाषांतर केले. बाई खांदे उडवून काहीतरी म्हणाल्या. मेहुणा म्हणाला, "त्या म्हणतात, पीठ मागेल तेवढं."

मी गप्प झालो. कारण हे वाक्य मी आधी ऐकले होते.

2019 च्या गणपतीत मी आईसमोर डिजिटल काटा आणि वही घेऊन बसलो होतो. तिच्या मोदकांची उकड कागदावर उतरवायची, असा माझा संकल्प. "आई, पाणी किती?" "पीठ मागेल तेवढं." तिच्या मुठीतले पीठ मी तीनदा तोलले, तीनदा निराळे वजन आले. ताळा लागेना. वैतागून मी वही मिटली आणि म्हणालो, "तुझं काहीच धड नसतं." ती हसली आणि पुढच्या मोदकाला कळ्या पाडू लागली. 2021 मध्ये आई गेली. वहीत 'उकड' हा शब्द, खाली तीन आकडे आणि पुढे कोरे पान आहे.

तेव्हा या वर्गाचे परीक्षण मी तटस्थपणे करू शकत नाही, हे आधीच जाहीर करतो. तरी गुणदोष सांगायला हवेतच.

पहिला दोष, वर्ग चार तासांचा आहे. या स्वयंपाकात अर्धे काम वाट पाहण्याचे. मांस रात्रभर मुरते, पीठ तासभर फुगते. आम्ही मळलेले पीठ बाजूला सरकवून बाईंनी सकाळीच फुगवलेले पुढे आणले. भाज्याही आदल्या रात्रीपासून मुरत होत्या. म्हणजे मुदत न भरताच आम्हाला व्याज मिळाले. पाहुण्यांच्या सोयीसाठी हे करावे लागते, मान्य. पण ज्याने वाट पाहिली नाही त्याला चेक स्वयंपाक नुसता जड वाटतो, आणि तसे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

दुसरा दोष त्या कागदाचा. पण इथे जरा इतिहास पाहावा लागतो. 1826 साली माग्दालेना दोब्रोमिला रेत्तिगोवा या बाईंनी चेक भाषेत पाककृतींचे पुस्तक काढले. त्या वाढल्या जर्मन भाषेत, चेक नंतर शिकल्या. त्या काळी शहाण्यासुरत्यांची भाषा जर्मन. चेक भाषा सुशिक्षित घरांत परत आणण्याची चळवळ चालू होती, आणि बाईंनी ती स्वयंपाकघराच्या दाराने आत आणली. असा कागद मला वंद्य आहे. आपल्याकडे 1970 मध्ये आलेले कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' घेऊन ही आमच्या घरात आली, आणि त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर आमचा संसार उभा राहिला. वाटी हे माणसाळलेले माप आहे. ज्याच्या त्याच्या घरची वाटी निराळी, तरी भाजी होते.

1948 नंतर तिकडे कम्युनिस्ट राजवट आली. खाणावळी सरकारी झाल्या आणि कुठल्या पदार्थात काय किती ग्रॅम, याची सरकारी कोष्टके निघाली. सगळीकडे तोच रस्सा, तेच वजन. ती राजवट 1989 मध्ये गेली, पण मेन्यूवर पदार्थाच्या नावाआधी मांसाचे ग्रॅम छापलेले अजून पाहायला मिळतात. प्रथमदर्शनी मला हे फार आवडले होते. असे मेन्यूकार्ड म्हणजे खाद्यपदार्थांचे पासबुकच! पण विचार केला तेव्हा वाटले, या कोष्टकांना हात नव्हते. रेत्तिगोवाबाईंच्या पुस्तकामागे स्वयंपाकीण उभी होती, कोष्टकामागे हिशेबनीस. आणि आईसमोर वही घेऊन बसलेला मी या दोघांपैकी कोण होतो, हे सांगायला नको.

गुण मात्र एकच सांगतो, आणि तो सगळ्या दोषांना पुरून उरणारा आहे. मी पुन्हा 'नक्की किती?' विचारल्यावर बाईंनी वाद घातला नाही. माझे मनगट धरले आणि हात परातीत खुपसला. चिकट लागले. त्यांनी एक मूठ पीठ टाकले. मळायला लावले. अजून चिकट. आणखी अर्धी मूठ. मग एका क्षणी पिठाने माझी बोटे आपणहून सोडली. बाईंनी मान हलवली. पीठ काय मागते हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळले. छापील कागद माणसाला ओट्यापर्यंत आणतो, पुढचे हाताने हातालाच सांगावे लागते. 2019 साली काट्यावर आईची मूठ ठेवण्याऐवजी मी तिच्या शेजारी हात घालून बसलो असतो तर! आठ माणसांच्या वर्गाचा फायदा हाच. ऐंशींच्या वर्गात बाईंना माझे मनगट सापडले नसते.

शेवटी गोडाचे 'ओव्होत्स्ने क्नेडलीकी' आले. पिठाच्या पारीत अख्खी स्ट्रॉबेरी भरायची, तोंड बंद करायचे, उकडायचे, आणि वर वितळलेले लोणी, साखर, पनीरसारखा चुरा. कुणी खसखसही घालतात, त्यांची खसखस निळसर करडी असते. हिने एक उचलून फिरवून पाहिला आणि म्हणाली, "कळ्या नाहीत, पण आहे मोदकच."

यंदाच्या गणपतीत उकड मी काढली. काटा कपाटात ठेवला. अकरा मोदक केले, त्यांतले सात फुटले, चार उभे राहिले. हिशेब केला तर वसुली 36 टक्के भरते. एवढी वसुली असलेले खाते आमची बँक बुडीत धरीत नाही.