डिंभ केवळ वाहत येतात काय? – एका रूढ विधानाची चिकित्सा

‘सागरी प्राण्यांचे डिंभ भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत वाहत येतात’ हे विधान आपल्या अध्यापनात इतके रूढ झाले आहे की, ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. विधान असत्य नाही. परंतु ते अपुरे आहे.

भरती डिंभांस आत आणते हे खरे. पण सुमारे सहा तासांनी ओहोटी तेच पाणी बाहेर नेते. त्यात नदीच्या ओघाची भर पडत असल्याने पाण्याचे एकूण वहन समुद्राकडेच होते. तेव्हा निव्वळ वाहणारा कण खाडीत वर चढत जाण्याचे कारण उरत नाही.

या आक्षेपास द्विस्तरीय प्रवाहाचे उत्तर दिले जाते : गोडे पाणी वरून बाहेर जाते, खारे पाणी तळाने आत शिरते. प्रिचर्ड यांनी चेसापीक उपसागरासंबंधी १९५२ मध्ये केलेले हे विवेचन तेथे यथार्थ आहे. गोव्यात मात्र ते जसेच्या तसे लागू पडत नाही. मांडवी व झुवारी यांत असे थर मुख्यतः पावसाळ्यात पडतात. पुढे नद्यांचा ओघ आटला की भरती-ओहोटीने पाणी तळापर्यंत ढवळून निघते.

म्हणून उत्तर डिंभांच्या वर्तनातही शोधावयास हवे. जेम्स नदीत वुड व हार्गिस यांनी (१९७१) कालवांच्या डिंभांची तुलना कोळशाच्या तशाच सूक्ष्म कणांशी केली. प्रवाहाचा वेग वाढला की कण पाण्यात उचलले जात. डिंभ मात्र भरतीबरोबर लवणता वाढू लागली की अधिक आढळत. अर्थात याची अतिशयोक्तीही नको. डिंभ प्रवाहाविरुद्ध पोहत नाही. तो केवळ खोली बदलतो. वाहून नेणे पाण्याचे, निवड त्याची.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. गोव्याच्या खाजणांत मानशीच्या दारांतून भरतीचे पाणी आत घेतात; त्याबरोबर कोळंबीची पिलेही येतात. पिले निव्वळ वाहती असतील, तर पाणी किती घेतले एवढेच पाहावे. ती वेळ व खोली निवडत असतील, तर दार केव्हा व कोणत्या पातळीवर उघडले, हेही तितकेच महत्त्वाचे ठरते.

दिवसा, पृष्ठभागी, एकदाच जाळे ओढून या प्रश्नाचा निर्णय होणार नाही. १२ तास २५ मिनिटांचे संपूर्ण आवर्तन, दिवसा व रात्री, वर व तळाशी, लवणता आणि वेग यांच्या नोंदींसह तपासले पाहिजे. तोवर ‘वाहत येतात’ हे निष्कर्ष म्हणून नव्हे, तर गृहीतक म्हणूनच शिकविणे उचित होय.