छायाचित्राखालचे वाक्य : डॉरोथिया लँग आणि निर्मितीच्या दिशेचा प्रश्न

१

व्यावसायिक छायाचित्रकाराला आपल्या निर्मितीची दिशा कशी सापडते, ह्या प्रश्नाचे एक उत्तर इतके रूढ झाले आहे की, त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. कलावंताने अंतर्मुख व्हावे, आपल्या प्रकृतिधर्माचा शोध घ्यावा. त्यातून त्याची शैली सिद्ध होते आणि शैली सिद्ध झाली म्हणजे दिशा सापडली, असे हे उत्तर होय. भावकवीच्या बाबतीत ते काही अंशी मान्य करता येईल. परंतु जो गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून, ठरलेल्या मोबदल्यात, दुसऱ्याच्या चेहऱ्याची प्रतिमा तयार करतो, त्याच्या बाबतीत ते अपुरे पडते. त्याच्या प्रत्येक कृतीत त्याच्याखेरीज निदान तीन पक्ष गुंतलेले असतात : काम सांगणारा, ज्याचे चित्र घेतले जाते तो, आणि चित्र पाहणारा. भाषेच्या अभ्यासकाला अशी मांडणी अपरिचित नाही. कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोणाविषयी बोलतो, ह्यांतील नाते बदलले की वाक्याची घडणही बदलते. छायाचित्रकाराला दिशा सापडते म्हणजे हे नाते त्याच्यापुरते नव्याने ठरते, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे. त्यासाठी अमेरिकन छायाचित्रकार डॉरोथिया लँग (१८९५–१९६५) हिचे उदाहरण घेतले असून, तिच्या चित्रांइतकेच लक्ष त्या चित्रांखालच्या वाक्यांकडे दिले आहे.

२

लँगचे शिक्षण आणि उमेदवारी न्यूयॉर्क येथे झाली. १९१८ साली मैत्रिणीबरोबर जगप्रवासास निघालेली ही तरुणी, वाटेत पैसे चोरीस गेल्यामुळे, सॅन फ्रान्सिस्को येथेच राहिली आणि थोड्याच अवधीत तिने तेथे स्वतःचा स्टुडिओ थाटला. शहरातील सधन कुटुंबे तिची गिऱ्हाइके होती. तिचे व्यक्तिचित्रणाचे काम उत्तम समजले जाई, मिळकतही चांगली होती. म्हणजे रूढ अर्थाने शैली आणि व्यवसाय ही दोन्ही तिला पस्तिशीच्या आतच साध्य झाली होती. शैली म्हणजेच दिशा असती, तर पुढील इतिहास घडण्याचे कारण नव्हते.

१९२९ नंतरच्या महामंदीत स्टुडिओच्या खिडकीखालून बेकारांची ये-जा सुरू झाली. १९३३ साली लँग कॅमेरा घेऊन खाली उतरली आणि जवळच्या मोफत अन्नवाटपाच्या रांगेचे चित्र तिने घेतले. ‘व्हाइट एंजल ब्रेडलाइन’ ह्या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. गर्दीकडे पाठ फिरवून लाकडी कठड्यावर टेकलेला, जुनी चेपलेली टोपी घातलेला एक वृद्ध. त्याचे हात एकमेकांत गुंतलेले, आणि दोन्ही बाहूंच्या मध्ये एक पत्र्याचा डबा. चेहरा जवळजवळ झाकलेला. चेहऱ्यावर उपजीविका करणाऱ्या छायाचित्रकाराने चेहरा वगळून माणूस दाखवावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

तरीसुद्धा ह्या चित्राने तिला दिशा दिली असे म्हणता येत नाही. हे चित्र तिने स्टुडिओच्या भिंतीवर लावले, तेव्हा ह्याचे तुम्ही करणार काय, असा प्रश्न गिऱ्हाइकांनी केला आणि आपल्यापाशी त्याचे उत्तर नव्हते, अशी आठवण तिने स्वतः पुढे सांगितली आहे. प्रश्न व्यवहारी होता, पण मार्मिक होता. चित्र होते, मात्र ते कोणासाठी आणि कोणाच्या वतीने, हे ठरलेले नव्हते. श्रोता निश्चित नसलेल्या उद्गारासारखी त्याची अवस्था होती.

३

हे उत्तर तिला मिळाले ते दुसऱ्याच विद्याशाखेकडून. १९३४ साली ओकलंड येथे मांडलेली तिची चित्रे कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ पॉल टेलर ह्यांनी पाहिली. टेलर हे स्थलांतरित शेतमजुरांचे अभ्यासक होते आणि प्रत्यक्ष मुलाखती हे त्यांच्या अभ्यासाचे साधन होते. १९३५ मध्ये राज्याच्या मदतकार्य विभागात त्यांनी लँगला आपल्याबरोबर घेतले. छायाचित्रकाराच्या पदाची तरतूद नसल्यामुळे कागदोपत्री तिची नेमणूक टंकलेखिका म्हणून झाली होती! त्याच वर्षी ती दोघे विवाहबद्ध झाली, आणि त्याच वर्षी केंद्र शासनाच्या पुनर्वसन विभागात, रॉय स्ट्रायकर ह्यांच्या हाताखाली, तिचे काम सुरू झाले. हाच विभाग १९३७ साली ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ झाला.

टेलर मजुरांशी बोलत आणि टिपणे घेत. लँग चित्रे घेत असे. लवकरच तीही बोलू लागली. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ती किंचित लंगडत चाले. वस्तीत ती सावकाश शिरे, कॅमेरा लपवीत नसे, लोकांशी बोलणे काढी. ऐकलेली वाक्ये विसरण्यापूर्वी मोटारीकडे परतून ती वहीत जशीच्या तशी उतरून ठेवी.

भाषाभ्यासकाला ह्या पद्धतीचे महत्त्व चटकन पटावे. ग्रियर्सन ह्यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात (त्याचा सातवा खंड मराठीविषयी असून तो १९०५ साली निघाला) प्रत्येक बोलीचा एक नमुना म्हणजे उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचे भाषांतर असे, आणि त्याच्या जोडीला शक्य तेथे स्थानिक माणसाने आपल्या मनाने सांगितलेली एखादी हकीकत. पहिल्या नमुन्यामुळे तुलना सोपी होते. परंतु त्यातील आशय संशोधकाने पुरविलेला असतो. बोली आपल्या स्वाभाविक चालीने चालते ती दुसऱ्या नमुन्यात. स्टुडिओतील व्यक्तिचित्र हे पहिल्या प्रकारचे असते : बैठक, प्रकाश आणि अपेक्षित मुद्रा आधीच ठरलेली, आणि माणसाने त्यात आपला चेहरा भरावयाचा. १९३५ नंतर लँग दुसऱ्या प्रकारच्या नमुन्याकडे वळली. तिच्या दिशेचा उगम ह्या वळणात आहे; स्वतःच्या अंतरंगात तिने काही नवे शोधून काढले, असे दिसत नाही.

४

ह्या पद्धतीचे परिपक्व फळ म्हणजे लँग आणि टेलर ह्यांचा १९३९ सालचा ‘ॲन अमेरिकन एक्झोडस’ हा ग्रंथ. त्याच्या बांधणीच्या आतील पानांवर स्थलांतरितांच्या तोंडची वाक्ये, बोलणाऱ्याचे नाव न देता, एकाखाली एक छापलेली आहेत. चित्रांतील माणसांचे म्हणून जे शब्द दिले आहेत ते त्यांनी खरोखर उच्चारलेले आहेत, त्यांच्या मनात काय असावे ह्याविषयीचा आमचा तर्क नव्हे, असे प्रास्ताविकात आवर्जून नमूद केले आहे.

ह्या आग्रहाला एक निकटचा संदर्भ होता. दोनच वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, कादंबरीकार अर्स्किन कॉल्डवेल आणि छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट ह्यांचा ‘यू हॅव सीन देअर फेसेस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यातील चित्रांखालची प्रथमपुरुषी वाक्ये लेखकद्वयाने स्वतः रचलेली होती, आणि तसे त्यांनी कबूलही केले होते. तेव्हा येथे फसवणुकीचा आरोप करता येणार नाही. परंतु प्रथमपुरुषी सर्वनाम हे दुसऱ्याच्या वतीने वापरण्याचे सर्वनाम नव्हे. ‘मी’ म्हणण्याचा अधिकार बोलणाऱ्याचा असतो; तो लेखकाने उचलला की चित्रातील माणूस त्याच्या कादंबरीतील पात्र होतो. दोन्ही ग्रंथांचा विषय एक, काळ एक, करुणाही बहुधा सारखीच. भेद आहे तो वाक्य कोणाचे, ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात.

ह्याचे एक उदाहरण बारकाईने पाहणे इष्ट होईल. १९३८ साली टेक्ससमधील चिल्ड्रेस परगण्यात लँगने घेतलेल्या एका चित्रात माणूसच नाही. नांगराच्या तासांच्या लांबलचक रेषा वळण घेत दूरवर गेल्या आहेत आणि त्यांच्या टोकाशी क्षितिजावर एक ओसाड घर उभे आहे. जमीन घराच्या अगदी जवळपर्यंत नांगरलेली. केवळ डोळ्याने पाहणाऱ्याला हे सुंदर निसर्गदृश्य वाटेल. चित्राचे नाव आहे ‘ट्रॅक्टर्ड आउट’. हा प्रयोग त्या प्रदेशातील कुळांच्या बोलण्यातला. ‘ट्रॅक्टर’ ह्या नामाचेच क्रियापद करून त्याचा कर्मणी प्रयोग केला आहे. मराठीत ‘हात’पासून ‘हाताळणे’ किंवा ‘पाणी’पासून ‘पाणावणे’ हे नामधातू होतात, त्याच जातीचा हा प्रकार. अर्थ असा की, ट्रॅक्टर आला आणि आम्हांला जमिनीवरून काढून टाकले गेले.

येथे वाक्यरचना विचार करण्याजोगी आहे. जे साधन, ज्याला आपल्या व्याकरणात करण म्हणतात, ते क्रियापदात शिरले आहे; ज्याने काढले तो कर्ता मात्र वाक्यात कोठेच नाही. वास्तविक कर्ता होताच. १९३३च्या शेतीविषयक कायद्यानुसार कापसाखालील क्षेत्र कमी करण्याबद्दल मालकांना सरकारी रकमा मिळत. अनेकांनी कुळे कमी केली आणि यंत्रे विकत घेतली. परंतु कुळाच्या अनुभवात मालक आणि कायदा दूर होते; दारापर्यंत आले ते यंत्र. त्याच्या भाषेने हा अनुभव एका शब्दात साठविला. लँगने आपल्या पदरचे एखादे करुण वाक्य त्या चित्राखाली घातले असते, तर ही साठवण हरवली असती. चित्रातील रेषा आणि बोलीतील क्रियापद येथे एकमेकांचा अर्थ पुरा करतात. दिशा सापडलेल्या छायाचित्रकाराचे हे काम आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्या उत्कृष्ट कामांपैकी आहे.

५

परंतु लँगचे नाव ज्या चित्राशी कायमचे जोडले गेले ते हे नव्हे. मार्च १९३६ मध्ये निपोमो येथील वाटाणातोडणीच्या मजुरांच्या तळावर घेतलेले ‘मायग्रंट मदर’ हे ते चित्र होय. त्याची रचना निर्दोष आहे आणि परिणाम निःसंशय मोठा आहे. ह्या भेटीतील चित्रे सॅन फ्रान्सिस्कोतील एका दैनिकात छापून येताच तळावर सुमारे २०,००० पौंड धान्यसामग्री पाठविण्यात आली. तथापि ह्या चित्राची घडण लँगच्या एरवीच्या पद्धतीशी ताडून पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. महिनाभराच्या फिरतीनंतर घरी परतत असताना ती तळावरून पुढे गेली होती आणि सुमारे २० मैलांवरून परत फिरली. तिच्याच १९६०च्या निवेदनाप्रमाणे सारे काम दहा मिनिटांत आटोपले. तिने त्या स्त्रीचे नाव विचारले नाही, पूर्ववृत्त विचारले नाही. वय ३२ एवढे कळले. मोटारीचे टायर विकून अन्न घेतल्याचे लँगने लिहिले. कुटुंबाने ते पुढे नाकारले. मदत पोचली तेव्हा ते कुटुंब पुढच्या गावी निघून गेले होते. १९३९ साली लँगने मूळ निगेटिव्हवरून, तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा रचनेत खटकतो म्हणून, पुसून घेतला. ही सवय स्टुडिओची होती.

त्या स्त्रीचे नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला १९७८ मध्ये समजले. ती चेरोकी वंशाची होती, हेही तेव्हाच. आपले नाव न विचारता आपला चेहरा सर्वत्र फिरला, ह्याबद्दल तिची नाराजी होती, आणि ती रास्त होती. लँगलाही त्या चित्रापासून धनलाभ झाला नाही, कारण ते सरकारी काम होते. पण तक्रार केवळ पैशाची नव्हती. नाव आणि वाक्य ह्यांवाचून राहिलेले ते चित्र कोणत्याही हेतूला जोडता येण्याजोगे झाले, आणि त्याची कीर्ती काही अंशी ह्याच मोकळेपणामुळे वाढली. म्हणून ह्या चित्रावरून लँगची दिशा ठरविणे सयुक्तिक नाही. येथे तिची दिशा क्षणभर सुटली आहे.

६

चित्र शब्दांच्या आधारावाचून उभे राहिले पाहिजे, वाक्याची गरज लागणे हे चित्राचे वैगुण्य होय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. चित्र हे शोभेची वस्तू मानल्यास तो खरा आहे. परंतु ज्या चित्राला कोणाविषयी तरी काही सांगावयाचे आहे, त्याला तो माणूस कोण आणि त्याचे म्हणणे काय, हे टाळता येत नाही. शब्द नसले तरी पाहणारा स्वतःचे शब्द घालतोच.

दुसरा आक्षेप व्यावसायिकाचा असेल : मोबदला देणाऱ्याच्या मर्जीपुढे असली दिशा टिकावी कशी? ह्याचे उत्तर १९४२ने दिले आहे. जपानी वंशाच्या अमेरिकनांना घरादारांतून हलवून छावण्यांत ठेवण्यात आले, तेव्हा त्या स्थलांतराची नोंद करण्यासाठी शासनाने लँगलाच नेमले. काटेरी तारा, पहाऱ्याचे मनोरे आणि सशस्त्र पहारेकरी टिपण्यास तिला मनाई होती. तिने माणसे टिपली : आपापल्या सामानाजवळ, गळ्यात ओळखचिठ्ठ्या बांधून वाट पाहणारी, आणि खाली स्थळ, दिनांक व त्यांचा व्यवसाय ह्यांची साधी विधाने लिहिली. चित्रे इतकी बोलकी ठरली की लष्कराने ती दाबून ठेवली; त्यांतील पुष्कळशी २००६ साली ग्रंथरूपाने प्रथमच लोकांसमोर आली. काम सांगणारा एक आणि बांधिलकी दुसऱ्याशी, हा भेद तिला आता पक्का समजला होता. मोबदला शासनाचा होता; वाक्य छावणीत नेल्या जाणाऱ्यांचे होते.

तेव्हा नवोदित व्यावसायिकाला आपली शैली शोध असे सांगण्यापेक्षा, आपण ज्याचे चित्र घेतो त्याचे नाव आणि त्याचे एक वाक्य त्याच दिवशी टिपून ठेव, असे सांगणे अधिक उपयुक्त होईल. लँगची वर्षानुवर्षे दप्तरात पडून राहिलेली १९३९ची विस्तृत टिपणे २००८ मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध झाली आहेत. छायाचित्रणाच्या अभ्यासकांनी आणि बोलींच्या अभ्यासकांनीही ती चित्रांशेजारी ठेवून वाचावीत, अशी शिफारस करावीशी वाटते.