लग्न कुणाच्या खात्यावर?

आजी-आजोबांच्या लग्नावरचे लेख मी आता ढीगभर वाचलेत. दिवाळी अंकात असतात, साठीच्या-पंच्याहत्तरीच्या घरगुती पुस्तिकांत असतात, गावकीच्या स्मरणिकांत असतात. त्यांचा साचा एकदा हाती लागला की पुढचं पान न वाचताही सांगता येतं. आजी नऊ-दहा वर्षांची, परकरी. आजोबा तिला पहिल्यांदा बघतात ते अंतरपाट दूर झाल्यावर. मग चूल, धूर, सासू, पहाटेचं जातं, आणि हे सगळं सोसून ‘पण दोघांच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही’. शेवटी एक उखाणा. वाचणाऱ्याचे डोळे भरून येतात, लिहिणाऱ्याचे आधीच भरलेले असतात.

असलाच एक लेख आमच्या घरातल्या एका जाणत्या माणसाने आमच्याच आजी-आजोबांवर लिहिला. अष्टमीच्या खालच्या अंगाला, कुंडलिकेच्या खाऱ्या पाण्याकडे आमची शेतं. घर आगऱ्याचं. लेख वाईट नाही. भाषा चांगली आहे, इरल्याचं वर्णन तर फार झकास. पण तो वाचताना मला सारखं वाटत होतं की या लग्नात पैसा कुठे आहे? भात कुठे आहे? जमीन कुणाची होती? आणि आजीला या घरात नेमकं कशासाठी आणलं?

आजीला स्वतःला यात काही गूढ वाटत नव्हतं. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, “मानूस कमी व्हता घरान, म्हनून मना आनली.” माणूस म्हणजे हात. थोरली जाऊ बाळंतपणात गेलेली, सासू गुडघ्याने अधू, आणि मृग दीड महिन्यावर. लग्न वैशाखातलं. हळद उतरली नाही तोवर ती राबाच्या कामाला लागली. राब म्हणजे काय हे घाटावरच्या वाचकाला सांगावं लागतं: रोपं करायच्या तुकड्यावर टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून वर माती टाकायची आणि पावसाआधी ते भाजायचं. त्या राखेत भात पेरलं की रोप जोमदार येतं. पुढे आवण काढायचं, मुठी बांधायच्या, चिखलात वाकून लावणी करायची. लेखात या सगळ्याला एक वाक्य मिळालंय, ‘दोघे शेतात राबत.’ राबत! शब्द बघा. राब भाजणारी बाई त्यात दिसतच नाही.

अशा लेखांत आणखी एक ठरलेली गोष्ट असते, नवी नवरी आखाडात माहेरी जाते. देशावरच्या लेखकांनी ते इतकं लिहिलं की आमच्याकडचेही डोळे मिटून तेच लिहितात. अहो, आपल्याकडे आखाड म्हणजे ऐन लावणी! ज्या हातांसाठी सून आणली तेच हात लावणीला माहेरी धाडणार? आजी पहिल्या वर्षी माहेरी गेली ती गौरी-गणपतीला, आणि तेही चार दिवस. आमच्या घरच्या लेखात मात्र ती आखाडात झोपाळ्यावर बसून गाणी म्हणते आहे.

हा दोष एका माणसाचा नाही. आमच्या वाचनाने त्याला असं लिहायला शिकवलं. मराठीत बायकांनी स्वतःच्या लग्नाबद्दल लिहिलं ते उत्तमच लिहिलं. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ १९१० चं, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे भाग १९३४ ते १९३६ या काळात आले. लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणाला हसतात, रडतात, आणि पुन्हा हसतात. ते पुस्तक मी कितीदा वाचलं त्याची गणती नाही. पण ही सगळी लग्नं अक्षरओळख असलेल्या घरांतली. नवरा बायकोला शिकवतो, किंवा शिकवायचं ठरवून विसरतो, हा त्यातला मोठा प्रसंग. नवऱ्याने पाटी हातात दिली म्हणून पुढे बाईने लग्न लिहिलं. आमच्याकडे आजोबांनाच पाटी कुणी दिली नाही.

कोकणातलं दारिद्र्य म्हणून आम्ही शाळेत रडलो ते ‘श्यामची आई’ वाचून. आजही रडू येतं. पण ते दारिद्र्य खोताच्या घरातलं होतं, बुडत चाललेल्या खोताच्या. त्या खोताला भात घालणाऱ्या कुळाच्या घरी नवरा-बायको काय बोलत असतील, हे मराठी पुस्तकांत फार शोधावं लागतं. खोताची उतरती कळा मराठीने मनावर घेतली, कुळाची कळा आधीपासूनच खाली होती म्हणून असेल, ती कुणाला दिसली नाही.

बहिणाबाईंचं उदाहरण लोक लगेच पुढे करतात. १८८० चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, जळगावकडची शेतकरी बाई, लिहिता-वाचता न येणारी. मुलाने आणि भाच्याने उतरवून घेतलं म्हणून गाणी राहिली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. पुढे आपण काय केलं? संसारावरच्या, मनावरच्या ओळी उचलल्या, लग्नपत्रिकांवर छापल्या, भाषणांत टाकल्या. पेरणीची, कापणीची, रगडणीची गाणी तिथेच राहिली. तत्त्वज्ञान सांगणारी आजी आम्हाला आवडते, कामाचं सांगणारी आजी फार लांबण लावते असं वाटतं.

माझ्या वाचनात लग्नाचा हिशेब उघड मांडणारं पुस्तक एकच, गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. १९७० चं. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांवरचं. त्यात लग्नगडी आहे. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि मग ते फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, किती वर्षं ते धनी सांगेल. लग्न लागताक्षणी संसार दुसऱ्याच्या वाड्यावर गहाण. हे पुस्तक लेखिकेच्या आठवणींचंच आहे, पण त्यातला जिव्हाळा हिशेबाला घाबरत नाही. म्हणून ते वाचताना रडू येत नाही, राग येतो.

आमच्याकडे लग्नगडी नव्हता. पण देज होतं. मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायचं. आजोबांच्या बापाने ते भाताच्या बोलीवर उचललं, सुगीला दीडपट घालायच्या करारावर. म्हणजे आजीने ज्या शेतात पहिली लावणी केली त्या शेतातलं भात खळ्यावर झोडून झालं की आधी अर्धेलीचा वाटा जमीनवाल्याचा, मग तिच्याच लग्नाचं कर्ज, मग बी-भात, आणि उरेल ते कणगीत. पहिल्या वर्षी कणगी पौषातच वाजायला लागली, असं ती सांगायची. ‘वाजायला लागली’ म्हणजे रिकामी झाली. पुढचे महिने वाल, सुका जवळा आणि मजुरी. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात तक्रार होती की नव्हती, मला ठरवता येत नाही. पण आकडे होते. कुणाला किती मण गेलं ते तिला साठ वर्षांनी पाठ होतं. तक्रार ऐकली नाही म्हणणाऱ्यांनी हे आकडे ऐकले नसावेत.

तारखेचंही तसंच. लेखात लग्नाचं साल छापलंय, महिन्यासकट. कुठून आलं देव जाणे. आजी म्हणायची, चरीचा संप चालू व्हता तवा. अलिबाग तालुक्यातल्या चरीला ऑक्टोबर १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी जमिनी कसायचं बंद केलं, ते १९३९ पर्यंत. सहा वर्षांतलं कुठलंही एक. मला हे छापील सालापेक्षा जास्त खरं वाटतं, कारण त्यात तिचं लग्न कुठल्या दुनियेत लागलं ते कळतं. शारदा कायद्याने १९३० पासून मुलीचं वय निदान चौदा ठरवलं होतं, आजी त्यात बसत होती की नाही हे मांडवात कुणी विचारलं नाही.

मांडवात धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांत लग्नाचे विधी गाण्यातून पुरे करणारी ही बाई. तिचे धवले म्हणजे आमच्या लग्नाचं पुस्तक, बाईने बायकांसाठी म्हटलेलं. घरच्या लेखात तिला ‘गाणारी एक म्हातारी’ म्हटलंय. जात्यावरच्या ओव्यांचं नशीब जरा बरं. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये गोळा केल्या, पुढे गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या वाचल्या की कळतं, नवऱ्यापेक्षा भावावरच बायका किती जीव टाकतात. नातवंडांनी लिहिलेल्या लेखांत मात्र आजीला भाऊ नसतोच.

प्रेम होतं का, असं मला एकजण विचारत होती. असेल. आजोबा तिला ‘गो’ म्हणून हाक मारायचे, ती ‘आयकला का’ म्हणायची. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं त्या रात्री दोघं कमरेएवढ्या चिखलात उभं राहून माती आणि पेंढा दाबत होते, हे मी दोघांकडूनही ऐकलंय, आणि दोघंही सांगताना दुसऱ्याचीच बहादुरी सांगायचे. एवढं मला पुरतं. उखाण्याची गरज नाही.

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितेय, ते आता सांगते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कसणारा मालक झाला. आमच्याही घरात बत्तीस-ग ची नोटीस आली, किंमत ठरली, हप्ते फेडले, सर्टिफिकेट आलं. नाव आजोबांचं. हप्ते कशातून फेडले? आजीच्या लावणीतून, अष्टमीच्या बाजारात डोक्यावरून नेलेल्या वालाच्या शेंगांतून. सातबाऱ्यावर कसणारा एकच. आता त्या जमिनीला भाव आलाय. गेल्या वर्षी तिन्ही आत्यांपुढे हक्कसोडीचे कागद ठेवले गेले, आणि त्याच बैठकीत ती पुस्तिका वाटली. आजीने कधी काही मागितलं नाही, हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. दोघी आत्या रडल्या आणि सह्या करून मोकळ्या झाल्या.

लेख चांगला की वाईट हे ठरवताना एरवी मी भाषा बघते, रचना बघते. या लेखाचं मी पहिल्यांदा बघितलं ते हे, की तो कुठे वाचला गेला. त्यातलं एकेक गोड वाक्य त्या टेबलावर कागदाच्या बाजूने बोलत होतं. मण, देज, दीडपट, हप्ते यातलं काही त्या पानांत असतं तर तो लेख तिथे कुणी वाचून दाखवला नसता.

धाकट्या आत्याने सही केली नाही. तिला वाचता येतं, तिने पुस्तिका घरी नेऊन सावकाश वाचली आणि समासात पेन्सिलीने खुणा केल्या. झोपाळ्याच्या वाक्यापुढे तिने लिहिलंय, ‘झोपाला कुनाचा?’ राबण्याच्या वाक्यापुढे खंडी-मणाचे आकडे आहेत, तिला आठवतात तेवढे. ती प्रत सध्या माझ्याकडे आहे. पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचं घरात चाललंय, तेव्हा मी ती समासासकट छापायला दिली आहे.