तृणांची ओळख आणि संशोधनाचे मोल

विद्यापीठातील विज्ञान विभागांचे कर्तृत्व निबंधांच्या संख्येवरून व त्यांच्या उद्धरणांवरून मोजण्याचा प्रघात अलीकडे पडला आहे. या मापात जे कार्य सामावत नाही, त्याचे ठळक उदाहरण म्हणजे शिवाजी विद्यापीठाने २०१२ साली प्रसिद्ध केलेला पोतदार, साळुंखे व यादव यांचा ‘ग्रासेस ऑफ महाराष्ट्र’ हा ग्रंथ होय. त्यापूर्वी, २००२ साली, यादव व सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्यातील वनस्पतींवरील ग्रंथ तेथूनच निघाला होता. दहा वर्षांत क्षेत्र जिल्ह्यावरून राज्यापर्यंत विस्तारले. विषय मात्र एकाच कुलापुरता मर्यादित झाला. हा संकोच नसून अभ्यासाची परिपक्वता होय.

तृणकुलात रंगीत पाकळ्यांचा आधार मिळत नाही. भिंगाखाली कणिशिका उकलून तुषांची रचना पाहिल्यावाचून जातीचा निर्णय होत नाही. ब्लॅटर व मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ १९३५ सालचा. त्यानंतर प्रांताच्या सीमा बदलल्या, शास्त्रीय नावे बदलली, नव्या जातींची भर पडली. सत्त्याहत्तर वर्षांनी हा विषय राज्याच्या पातळीवर पुन्हा हाती घेणे, हेच या कार्याचे पहिले श्रेय.

दुसरे श्रेय व्यावहारिक आहे. सह्याद्रीतील जांभ्याचे सडे वर्षातील आठ महिने उजाड दिसतात आणि म्हणून ‘पडीक’ समजले जातात. कोल्हापूर जिल्ह्यात अशाच पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. परंतु भारतीय द्वीपकल्पाबाहेर न आढळणाऱ्या ग्लायफोक्लोआ या वंशातील कित्येक जाती याच सड्यांवर उगवतात. ज्या गवताला नाव नाही, त्याच्या वतीने कोणीही बोलू शकत नाही.

तथापि दोन गोष्टी नमूद करणे अवश्य आहे. अशा ग्रंथातून जातीचे अस्तित्व कळते. ती वाढते आहे की घटते आहे, हे कळण्यास त्याच पठारावर वर्षानुवर्षे केलेली गणना लागते. शिवाय ग्रंथ इंग्रजीत आहे. मारवेल कोणते व कुसळी कोणती हे गुराख्यास ठाऊक असते. त्याचे ज्ञान आणि ग्रंथातील ज्ञान यांची गाठ मराठीतूनच पडेल.

भिंग घेऊन सड्यावर बसणारा विद्यार्थी उद्धरणांच्या स्पर्धेत मागे पडतो. त्याला विभागाने आश्रय दिला नाही, तर पुढील आवृत्ती लिहिण्यास कोणी उरणार नाही.